ऑनलाइन अध्यापन : पाठ पोहोचला, उत्तर परत आले काय?

शिक्षकाने शिकविले आणि विद्यार्थ्याने ऐकले, एवढ्याने अध्यापनाचे कार्य पूर्ण होत नाही. विद्यार्थ्याला काय समजले व काय समजले नाही, हे शिक्षकाला कळावे लागते आणि त्यानुसार पुढचा पाठ वळवावा लागतो. वर्गात हे काम शिक्षकाची नजर करीत असते. कोणाची वही कोरी आहे, कोण शेजाऱ्याचे उत्तर उतरवून घेत आहे, कोण खिडकीबाहेर पाहत आहे, हे त्याला न विचारताही कळते. विद्यार्थी दूर बसला की ही नजर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ऑनलाइन अध्यापनातील मुख्य अडचण हीच होय. यंत्रे, जोडण्या आणि विजेचा पुरवठा यांच्या अडचणी खऱ्याच आहेत. परंतु त्या सर्व दूर झाल्या तरी ही अडचण उरते. ती दूर करण्याचे उपाय शिक्षकाला जाणीवपूर्वक योजावे लागतात.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरू लागले ते डिसेंबर २०२१ मध्ये. या काळात महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या भूमिकेतून मोबाईल, दूरदर्शन व छापील साहित्य यांच्या साहाय्याने अध्यापन चालू ठेवण्याचा प्रयत्न करण्यात आला. साथ ओसरली, शाळा गजबजल्या आणि तो विषय अनेकांच्या मनातून मागे पडला. वस्तुतः त्याची गरज संपलेली नाही. अतिवृष्टीत रस्ते तुटतात व शाळांना सुटी द्यावी लागते. एखाद्या माध्यमिक शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी राहते. ऊसतोडीच्या हंगामात पालकांबरोबर मुले सहा-सहा महिने गाव सोडून जातात. अशा प्रत्येक प्रसंगी दुरून शिकविण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. म्हणूनच त्या अनुभवातून काय शिकावयाचे, याचा शांतपणे विचार होणे आवश्यक आहे.

दूरशिक्षणाची पूर्वपीठिका

दुरून शिकविण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शैक्षणिक चित्रवाणीचा मोठा प्रयोग झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत चित्रवाणी संच बसविण्यात आले. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम दाखविले जात. पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन या विद्यापीठाने नोकरी, शेती वा घरकाम सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी अभ्यासकेंद्रांची व्यवस्था उभी केली. २००४ मध्ये शिक्षणासाठीच ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ ही राष्ट्रीय व्यासपीठे सुरू झाली. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड मोबाईलने टिपला की त्या पाठाशी संबंधित साहित्य ‘दीक्षा’वर उघडते.

या वाटचालीतील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. साधने बदलत गेली. पण ज्या व्यवस्थेत विद्यार्थ्याकडून उत्तर परत येण्याची सोय होती, तेथेच शिक्षण रुजले. पत्रद्वारा अभ्यासक्रमात उत्तरपत्रिका तपासून परत पाठविल्या जात. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक भेटतो व शंका सोडवितो. केवळ प्रक्षेपण करणाऱ्या साधनात ही सोय नसते. ती बाहेरून जोडावी लागते. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये तीन प्रकारच्या देवाणघेवाणीचा विचार मांडला : विद्यार्थी व पाठ्यसाहित्य, विद्यार्थी व शिक्षक आणि विद्यार्थी व विद्यार्थी. मोबाईलवरून ध्वनिचित्रफीत पाठविली की यांपैकी फक्त पहिली देवाणघेवाण घडण्याची शक्यता निर्माण होते. उरलेल्या दोन घडवून आणाव्या लागतात.

प्रथम पाहणी, नंतर पाठ

ग्रामीण भागातील शिक्षणाची स्थिती पाहणाऱ्या ‘असर’ या अहवालानुसार, देशात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले. तरीही सप्टेंबर २०२० मधील पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही शैक्षणिक साहित्य मिळालेली मुले साधारणतः एक तृतीयांशच होती. २०२१ मध्ये स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेले. परंतु घरी फोन असूनही अभ्यासासाठी तो हाती न येणारी मुले त्यांत २६.१ टक्के होती. फोन वडिलांबरोबर शेतावर वा कामावर जातो, मोठ्या भावाचा अभ्यास आधी होतो, मुलीच्या हाती तो सर्वांत शेवटी येतो, रिचार्ज संपलेला असतो. ‘घरी फोन आहे’ आणि ‘मुलाला फोन मिळतो’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

याचा परिणाम काय झाला, हेही आकड्यांतून दिसते. तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, त्यांचे प्रमाण ग्रामीण भारतात २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांपर्यंत घसरले. शाळा नियमित भरू लागल्यावर २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. प्रत्यक्ष वर्गाचे मोल यावरून कळते. त्याचबरोबर, वर्ग बंद असताना पाठविलेले साहित्य पुष्कळ मुलांच्या बाबतीत त्याची जागा घेऊ शकले नाही, असाही निष्कर्ष निघतो.

म्हणून ऑनलाइन अध्यापनाची पहिली पायरी म्हणजे वर्गाची पाहणी. यासाठी मोठ्या प्रपत्राची गरज नाही. हजेरीपटाशेजारी चार रकाने आखले तरी पुरे : घरी कोणता फोन आहे, तो मुलाच्या हाती कोणत्या वेळी असतो, घरात जोडणी मिळते की बाहेर जावे लागते, आणि अभ्यासाला जवळ बसेल असे घरात कोण आहे. या नोंदींवरून वर्गाचे तीन गट सहज पडतात. थेट तासाला बसू शकणारी मुले पहिल्या गटात, दिवसातून एखाद वेळी साहित्य उतरवून घेऊ शकणारी दुसऱ्या गटात आणि केवळ साध्या फोनवर बोलू शकणारी किंवा तेवढीही सोय नसलेली तिसऱ्या गटात येतात. पाठाची आखणी तिसऱ्या गटापासून सुरू करावी. जो पाठ कागद, वही आणि दूरध्वनी एवढ्यावर चालू शकतो, तो इतर दोन गटांसाठी अधिक साधनांनी सजविणे सोपे असते. उलट क्रमाने गेल्यास तिसरा गट नकळत सुटून जातो.

पाठ लहान, हेतू एक

वर्गातील पस्तीस मिनिटांचा तास जसाच्या तसा पडद्यावर नेणे हितावह नाही. जुलै २०२० मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने प्रसिद्ध केलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रे सुचविण्यात आली होती. डोळ्यांवरील ताण व चित्ताची एकाग्रता यांचा विचार त्यामागे होता. २०१४ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या ऑनलाइन शिक्षणव्यवस्थेतील लक्षावधी पाहण्यांच्या नोंदी अभ्यासण्यात आल्या. त्यांतही सुमारे सहा मिनिटांपर्यंतच्या ध्वनिचित्रफितींवर विद्यार्थी टिकून राहतात व लांबी वाढली की पाहणे अर्धवट सोडतात, असे आढळले. हे विद्यार्थी वयाने मोठे होते, ही बाब लक्षात घेतली तर लहान मुलांच्या बाबतीत किती संयम हवा, हे स्पष्ट होते.

एका सत्रात एकच हेतू ठेवावा. उदाहरणादाखल, पाचवीच्या वर्गातील अपूर्णांकांची तुलना हा घटक घेऊ. एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा असतो, अशी मुलांची नेहमीची समजूत असते. कारण चार हा अंक तीनपेक्षा मोठा आहे. ही समजूत दूर करणे एवढाच हेतू धरून तीस मिनिटांची आखणी अशी करता येईल :

पहिली ४ मिनिटे मागील पाठाची उजळणी. ‘अर्ध्या भाकरीचे दोन समान वाटे केले, तर एक वाटा पूर्ण भाकरीचा केवढा?’ हा प्रश्न विचारावा. ‘पाव’ हा शब्द मुलांच्या कानांवरून घरातच गेलेला असतो; त्याचा उपयोग करावा.

पुढील ६ मिनिटे शिक्षकाचे निवेदन. १२ सेंटिमीटर लांबीच्या कागदाच्या दोन पट्ट्या घेऊन एकीचे तीन व दुसरीचे चार समान भाग करून दाखवावेत.

पुढील ७ मिनिटे मुलांची कृती. प्रत्येकाने जुन्या वहीच्या कागदाच्या तशाच पट्ट्या कापून ४ व ३ सेंटिमीटरवर खुणा कराव्यात आणि पट्ट्या कॅमेऱ्यासमोर धराव्यात.

पुढील ६ मिनिटे प्रश्न. ‘एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? कारण लिहा.’ सर्वांनी आधी वहीत लिहावे आणि शिक्षकाने सांगितल्यावर एकाच वेळी वह्या दाखवाव्यात. असे केल्याने एका हुशार मुलाचे उत्तर ऐकून बाकीच्यांनी माना डोलविण्याचा प्रकार टळतो.

पुढील ४ मिनिटे चुकीच्या उत्तराची चर्चा. चूक करणाऱ्याचे नाव न घेता ‘काही जणांनी असे लिहिले आहे, त्यांना असे का वाटले असेल?’ असे विचारावे.

शेवटची ३ मिनिटे गृहपाठ. ‘एका भाकरीचे पाच आणि तेवढ्याच दुसऱ्या भाकरीचे सहा समान वाटे केले, कोणता वाटा मोठा, हे चित्र काढून दाखवा.’

या तीस मिनिटांत शिक्षकाचे सलग बोलणे सहा मिनिटेच आहे. उरलेल्या वेळात मुले काही करीत, लिहीत वा सांगत आहेत. हाच पाठ दुसऱ्या गटासाठी सहा मिनिटांची ध्वनिचित्रफीत आणि एक कृतिपत्रिका या रूपात पाठविता येतो. तिसऱ्या गटासाठी कृतिपत्रिका कागदावर द्यावी आणि दूरध्वनीवर तेच दोन प्रश्न विचारावेत.

मधूनमधून प्रश्न

‘समजले का?’ हा प्रश्न ऑनलाइन वर्गात जवळजवळ निरुपयोगी ठरतो. ‘हो सर’ असे उत्तर येते आणि तास पुढे सरकतो. आठवून सांगावे लागेल असा प्रश्न विचारला तरच खरी स्थिती कळते. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात उपयुक्त आहे. संख्याशास्त्रावरील २१ मिनिटांचे ध्वनिमुद्रित व्याख्यान चार भागांत विभागून विद्यार्थ्यांना दाखविण्यात आले. ज्यांना प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी देण्यात आली, त्यांचे लक्ष कमी विचलित झाले, त्यांनी अधिक टिपणे काढली आणि अंतिम चाचणीत त्यांची कामगिरी सरस ठरली. ज्यांना तेच साहित्य चाचणीविना केवळ पुन्हा पाहावयास मिळाले, त्यांना हा लाभ झाला नाही.

शिकलेले किती वेगाने विसरते, याचा पद्धतशीर अभ्यास हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच प्रसिद्ध केला होता. त्यावरून निघणारा व्यावहारिक नियम साधा आहे. आजचा पाठ उद्या, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा आठवावयास लावावा. दर तासाच्या आरंभी कालचा एक, मागील आठवड्याचा एक आणि मागील महिन्याचा एक असे तीन प्रश्न विचारण्यास चार मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. हे प्रश्न गुणांसाठी नाहीत, हे मुलांना प्रथमच सांगावे. अन्यथा उत्तरे घरातील मोठ्या माणसांची येऊ लागतात.

दूरध्वनीची पंधरा मिनिटे

साथीच्या काळात आफ्रिकेतील बोट्स्वाना या देशात सुमारे ४,५०० कुटुंबांसह एक प्रयोग करण्यात आला. काही कुटुंबांना आठवड्यातून एकदा गणिताचे उदाहरण लघुसंदेशाने पाठविण्यात आले. काहींना संदेशाबरोबरच शिक्षकाचा दूरध्वनीही जाई. पंधरा-वीस मिनिटे शिक्षक पालक व मुलाशी बोलून ते उदाहरण सोडवून घेई. तिसऱ्या गटाला यांपैकी काहीच नव्हते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दूरध्वनी गेलेल्या मुलांच्या गणितात स्पष्ट सुधारणा दिसली. नुसता संदेश गेलेल्या मुलांत मात्र तशी सुधारणा आढळली नाही. पुढे भारत, केनिया, नेपाळ, फिलिपीन्स व युगांडा येथेही असे प्रयोग झाले आणि तेथेही दूरध्वनीवरील शिकवणीचा लाभ दिसून आला. स्मार्टफोन वा इंटरनेट नसलेल्या घरालाही ही पद्धत लागू पडते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

या संभाषणाची आखणी आधी करून ठेवावी. आरंभी पालकांशी दोन वाक्ये बोलावीत : ‘नमस्कार ताई, शाळेतून गुरुजी बोलतोय. पोरगी जवळ असेल तर वही घेऊन बसवा आणि तुम्हीही ऐका.’ नंतर मुलाला मागील उदाहरण कसे सोडविले ते सांगावयास लावावे. उत्तर चुकले तर लगेच दुरुस्त न करता ‘तू आधी काय केलेस?’ असे विचारावे. चूक कोणत्या पायरीवर झाली हे कळल्यावर त्या पायरीचेच एक सोपे उदाहरण द्यावे. शेवटी पुढील आठवड्याचे एक काम सांगून फोनची वेळ ठरवावी. पालक निरक्षर असले तरी हरकत नाही. मूल उत्तर सांगत असताना शेजारी बसून ऐकणे, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित आहे. त्यांच्या उपस्थितीमुळे मुलाला आपला अभ्यास महत्त्वाचा आहे असे वाटते.

एवढा वेळ कोठून आणावयाचा, असा प्रश्न शिक्षक विचारतील आणि तो रास्त आहे. समजा, वर्गात २४ मुले आहेत आणि त्यांपैकी ८ मुले तिसऱ्या गटात आहेत. प्रत्येकाला आठवड्यातून पंधरा मिनिटे दिली तर एकूण दोन तास लागतात. शिक्षकाकडून मागविण्यात येणारी माहिती व छायाचित्रे यांत थोडी कपात केली, तर हे दोन तास काढता येण्याजोगे आहेत.

वहीची छायाचित्रे मागविणाऱ्या शिक्षकांनी त्यांवर काही लिहून परत पाठविणे अगत्याचे आहे. एक गोष्ट चांगली जमली ती, एक गोष्ट सुधारावयाची ती आणि पुढे काय करावयाचे ते, अशी तीन छोटी वाक्ये पुरेशी होतात. नुसता अंगठ्याचे चिन्ह पाठविल्याने मुलाला काही कळत नाही. चुकांची वही सर्वांच्या गटावर टाकू नये. दुसऱ्या दिवसापासून ते मूल वही पाठविणे बंद करते.

इंटरनेट नाही तेथे

साथीच्या काळात जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका दाखविण्यात आली. घर व परिसर यांतील वस्तूंच्या आधारे कृतीतून शिकविण्यावर तिचा भर होता. दूरदर्शनचा पाठ सर्वांना एकाच वेळी मिळतो, ही त्याची सोय आहे. मात्र तो पाहून झाल्यावर वाडीतील चार-पाच मुलांनी एकत्र बसून दोन प्रश्नांची उत्तरे लिहिली तरच तो उपयोगी पडतो. वरच्या वर्गातील एखादा मुलगा वा मुलगी अशा गटाची जबाबदारी चांगली सांभाळते. शिकविणाऱ्या मुलाचाही अभ्यास यात पक्का होतो.

जेथे जोडणी कधी असते, कधी नसते, तेथे शाळेत वा ग्रामपंचायत कार्यालयात आठवड्याचे साहित्य उतरवून ठेवावे आणि ते मेमरी कार्डावरून मुलांच्या फोनवर घालून द्यावे. चित्रफितीपेक्षा आवाजाची फीत कमी जागा घेते. भाषेच्या पाठाला ती पुष्कळदा पुरते. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी बोललेले शब्द पडद्यावर लिहिलेले असावेत. दृष्टिहीन मुलांसाठी ‘इथे पाहा’ असे न म्हणता काय दाखविले आहे, ते शब्दांनी सांगावे.

हंगामी स्थलांतर : एक कसोटी

या सर्व पद्धतींची खरी कसोटी ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या बाबतीत लागते. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे मुकादमाच्या टोळीबरोबर साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळेच्या वर्षातील मोठा भाग मूल फडाजवळच्या कोपीत काढते, धाकट्या भावंडांना सांभाळते आणि परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. असे दोन-तीन हंगाम झाले की त्याचे शाळेत मन लागत नाही.

अशा मुलांसाठी गावातील हंगामी वसतिगृहाचा पर्याय आहे. पालकांबरोबर जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देऊन कारखाना परिसरातील शाळेत दाखल करण्याची व्यवस्थाही आहे. दूरध्वनीवरील शिकवणी या व्यवस्थांची जागा घेऊ शकत नाही आणि तिचे निमित्त करून मुलाला शाळेबाहेर राहू देणे गैर ठरेल. तथापि दाखला होईपर्यंतचे आठवडे, टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलते तो काळ आणि नव्या शाळेत बुजून गेलेल्या मुलाची मनःस्थिती यांत जुन्या शिक्षकाचा आवाज मोठा आधार देतो.

त्यासाठी निघण्यापूर्वीच तयारी करावी लागते. मुलाला वाचन व गणित कोठपर्यंत येते याची चाचणी घेऊन तिची नोंद शिक्षण हमी कार्डासोबत द्यावी. चार-पाच महिने पुरेल अशी, तारखांऐवजी पाठांचे क्रमांक घातलेली अभ्यासपुस्तिका बरोबर द्यावी. आई-वडिलांचा आणि त्याच टोळीतील आणखी एका कुटुंबाचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा. ऊसतोड पहाटे सुरू होते व गाडी भरून कारखान्याकडे रवाना झाल्यावरच पालक मोकळे होतात; म्हणून फोनची वेळ पालकांना विचारूनच ठरवावी. एका कोपीत तीन-चार मुले जमत असतील तर एकाच फोनवर सर्वांचा पाठ घेता येतो. मूल परत आले की प्रथम पुन्हा तीच चाचणी घ्यावी आणि जेथे खंड पडला असेल तेथून शिकवावे.

ग्रामपंचायत व अधिकारी यांचे कार्य

शिक्षकाने एकट्याने हा भार उचलावा, अशी अपेक्षा करणे योग्य नव्हे. ग्रामपंचायतीला आपल्या कार्यालयातील जोडणीचा उपयोग सायंकाळी दोन तास मुलांसाठी करून देता येईल. समाजमंदिरात वा वाचनालयात बसण्याची जागा, दिवा आणि देखरेखीसाठी एक जबाबदार व्यक्ती एवढी सोय झाली तरी फोन न मिळणाऱ्या मुलींना मोठा लाभ होईल. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ‘कोणत्या मुलाशी या महिन्यात संपर्क झाला नाही’ हा विषय प्रत्येक वेळी घ्यावा. गावातून कोणती कुटुंबे कधी बाहेर पडणार आहेत, याची खबर सदस्यांना सर्वांत आधी असते; ती शाळेपर्यंत पोहोचविणे, हेही मोलाचे कार्य होय.

पर्यवेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांनी काय मोजावे, यावर शिक्षक काय करतो हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. किती दुवे पाठविले, किती चित्रफिती तयार केल्या, असे विचारले तर त्यांचीच संख्या वाढेल. त्याऐवजी चार प्रश्न विचारावेत : या आठवड्यात किती मुलांची उत्तरे आली? त्यांपैकी किती तपासून परत गेली? किती मुलांशी प्रत्यक्ष वा दूरध्वनीवर बोलणे झाले? आणि ज्यांच्याकडून काहीच आले नाही, ती मुले कोण? चौथ्या प्रश्नाचे उत्तर संख्येत न घेता नावांनी घ्यावे. केंद्रप्रमुखांनी महिन्यातून एकदा त्यांपैकी दोन घरी जाऊन यावे.

मुलांच्या सुरक्षिततेची दक्षताही घ्यावी लागते. मुलांचे फोन क्रमांक व छायाचित्रे अनोळखी गटांवर जाऊ नयेत. तासाचा दुवा उघड्या जागी प्रसिद्ध करू नये. एकट्या मुलाशी बोलताना पालकांना त्याची माहिती असावी. अभ्यास संपल्यावर फोन परत देण्याची सवय घरात लावावी. या गोष्टी पहिल्या पालकसभेतच सांगून टाकणे इष्ट होय.

ऑनलाइन अध्यापनासाठी लागणारी साधने पुढेही बदलत राहतील. आजचा फोन उद्या जुना होईल आणि नवी व्यासपीठे येतील. त्यांचा स्वीकार करताना प्रत्येक वेळी एकच गोष्ट तपासून पाहावी : दूर बसलेल्या मुलाने लिहिलेले उत्तर शिक्षकापर्यंत येते काय, आणि ते वाचून शिक्षक त्याला काही सांगतो काय? राज्यातील प्रत्येक शाळेने आपल्या हजेरीपटावरून आज नजर फिरवून, दुरावण्याची शक्यता असलेल्या मुलांची नावे लिहून काढली आणि त्यांच्या पालकांचे दूरध्वनी क्रमांक पडताळून पाहिले, तर पुढच्या पुराच्या वा हंगामाच्या वेळी ही मुले शाळेच्या संपर्काबाहेर जाणार नाहीत. या कामाला वेगळ्या निधीची आवश्यकता नाही व कोणत्याही आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही.